डासाला हद्द नसते : डेंग्यूच्या साथीत इलेक्ट्रॉनिक सिटीने काय शिकवले?

बेंगळुरू : पावसाची पहिली सर पडून आठ-दहा दिवस उलटले की इलेक्ट्रॉनिक सिटीतील निवासी संकुलांमध्ये एक मागणी हमखास पुढे येते, ‘धूरफवारणी करा’. घरात कोणाला ताप आला की पाठोपाठ पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचे दूध यांचे सल्ले सुरू होतात; रक्तातील प्लेटलेटचा आकडा दोनदा-तीनदा तपासला जातो; रक्तदात्याच्या शोधार्थ मोबाइलवर संदेश फिरू लागतात. त्याच वेळी इमारतीच्या गच्चीवरील झाकण नसलेली टाकी, शेजारच्या अर्धवट बांधकामातील लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी आणि फ्रिजमागचा ट्रे यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डेंग्यूविरुद्धच्या लढाईतील यशापयश नेमके या विसंगतीत दडलेले आहे.

२०२४च्या पावसाळ्यात कर्नाटकाने डेंग्यूची मोठी साथ अनुभवली. सप्टेंबरच्या प्रारंभी राज्यातील रुग्णसंख्या २४ हजारांच्या पुढे गेली होती आणि त्यात बेंगळुरूचा वाटा सर्वांत मोठा होता. ३ सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने कर्नाटक साथरोग कायदा, २०२० अन्वये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले आणि डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागामालकांना दंड करण्याची तरतूद केली. त्या वर्षीचा अनुभव इलेक्ट्रॉनिक सिटीच्या संदर्भात तपासला, तर महानगरांच्या सीमेवर वाढलेल्या कोणत्याही उद्योगनगरीला उपयोगी पडतील असे धडे मिळतात. त्यांत पुण्याजवळचे हिंजवडीही आले.

आधी टंचाई, मग पाऊस

डेंग्यूला साधारणपणे पावसाळी आजार समजले जाते. हे अर्धसत्य आहे. या रोगाचा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात किंवा डबक्यातील घाण पाण्यात सहसा वाढत नाही. त्याला माणसाच्या वस्तीतील, भांड्यात साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ आणि स्थिर पाणी लागते. म्हणूनच पाण्याची टंचाईदेखील डेंग्यूला पोषक ठरते, कारण टंचाईत माणसे पाणी साठवतात.

२०२४च्या फेब्रुवारीपासून बेंगळुरूने तीव्र पाणीटंचाई सोसली. हजारो कूपनलिका आटल्या. मार्चमध्ये शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुणे, बागकाम आणि बांधकाम यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून ५,००० रुपयांचा दंड जाहीर केला. कूपनलिका आणि टँकर यांच्यावर अवलंबून असलेल्या शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये पिंपे, बादल्या, प्लास्टिकच्या टाक्या आणि जमिनीखालील हौद, ज्यांना बेंगळुरूत ‘संप’ म्हणतात, हे घरोघरचे जलस्रोत बनले. त्यानंतर २ जून २०२४ रोजी शहरात एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १८९१चा विक्रम त्याने मोडला.

एडिसच्या मादीची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहू शकतात आणि पाणी चढताच फुटतात. उन्हाळ्यात भरलेली पिंपे आणि पावसाने पुन्हा भरलेली भांडी यांचा मिलाफ म्हणूनच धोकादायक ठरतो. पिंप रिकामे करून पालथे घालणे पुरेसे नाही, त्याची आतली बाजू घासून काढली पाहिजे, असे आरोग्य कर्मचारी का सांगतात, याचे उत्तर इथे आहे.

एक वसाहत, अनेक कारभारी

शहराच्या दक्षिणेस होसूर रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘केऑनिक्स’ या राज्य सरकारच्या महामंडळाने ३३२ एकर जागेवर तिची पायाभरणी केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांची ती कल्पना होती. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे बेंगळुरूला स्थलांतरित झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय याच वसाहतीत आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून आलेल्या मराठी अभियंत्यांसाठी हा पत्ता परिचयाचा आहे.

पण हा पत्ता एकच असला तरी त्याचा कारभार एकाच हाती नाही. औद्योगिक वसाहतीसाठी २०१३ मध्ये स्थापन झालेले ‘एल्सिटा’ हे स्वतंत्र नगर प्राधिकरण आहे. लगतच्या हेब्बगोडीला नगरपरिषद आहे, बोम्मसंद्र्याची संस्था वेगळी, तर भोवतालची गावे आनेकल तालुक्यातील निरनिराळ्या स्थानिक संस्थांकडे आहेत. शहराच्या दिशेने थोडे पुढे गेले की महापालिकेची हद्द लागते. ही हद्दही स्थिर नाही. २ सप्टेंबर २०२५ पासून बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेची जागा ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखालील पाच महापालिकांनी घेतली.

२०२४च्या साथीत राज्याच्या दैनंदिन अहवालांमध्ये महापालिका क्षेत्राचे रुग्ण आणि उर्वरित बेंगळुरू शहर जिल्ह्याचे रुग्ण असे दोन वेगळे आकडे दिले जात. परिणामी इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणारा एखादा रुग्ण महापालिका हद्दीत राहत असेल तर एका रकान्यात आणि हेब्बगोडीत राहत असेल तर दुसऱ्या रकान्यात मोजला जाणार. एकूण वसाहतीचे चित्र एका जागी दिसत नाही.

याला आणखी एक पदर आहे. एडिस हा दिवसा चावणारा डास आहे. सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे काही तास तो अधिक सक्रिय असतो. म्हणजे नोकरदाराला डास घरी चावला, बसथांब्यावर चावला की कार्यालयाच्या उपाहारगृहात, हे सांगता येत नाही. नोंद मात्र घराच्या पत्त्यावर होते आणि आरोग्य कर्मचारीही घराच्या आसपासच डासोत्पत्तीची ठिकाणे शोधतात. दिवसभर जिथे हजारो माणसे एकत्र असतात, ती कार्यालये, कारखाने आणि प्रशिक्षण केंद्रे या शोधातून निसटण्याची शक्यता असते.

हिंजवडीची स्थिती याहून फार वेगळी नाही. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले ते मुळशी तालुक्यातील गावांवर. तेथेही औद्योगिक महामंडळ, महानगर विकास प्राधिकरण आणि ग्रामपंचायत यांच्यात जबाबदाऱ्या विभागल्या आहेत, आणि हा परिसर पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट करण्याची मागणी रहिवासी करीत आले आहेत. डेंग्यूचा डास आयुष्यभरात बहुधा काही शे मीटरच्या परिघातच फिरतो. मात्र तेवढ्या अंतरात दोन-तीन स्थानिक संस्थांच्या हद्दी येऊ शकतात.

संताप, भीती आणि मागण्या

साथीच्या काळात लोकांच्या प्रतिक्रिया साधारणपणे तीन प्रकारच्या दिसतात. पहिली प्रतिक्रिया शासनावरील संतापाची. जून २०२४ मध्ये बेंगळुरू ग्रामीणचे खासदार आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी डेंग्यूला वैद्यकीय आणीबाणी म्हणून जाहीर करण्याची सूचना केली. आनेकल तालुका त्यांच्याच मतदारसंघात येतो. विरोधी पक्षाने ही मागणी लावून धरली, तर आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी तेव्हा तशी गरज नसल्याची भूमिका घेतली. जुलैमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने साथीची स्वतःहून दखल घेतली. सप्टेंबरमधील अधिसूचना ही या घडामोडींनंतरची आहे.

दुसरी प्रतिक्रिया खर्चाच्या भीतीची. तपासण्यांचे दर वाटेल तसे आकारले जात असल्याच्या तक्रारींनंतर जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने दरांवर मर्यादा घातली. एनएस-१ एलायझा चाचणीसाठी ३०० रुपये, आयजीएम एलायझासाठी ३०० रुपये आणि झटपट चाचणीसाठी २५० रुपये असे दर ठरले. या तिन्हींतील फरक रुग्णाने समजून घेणे आवश्यक आहे. एनएस-१ ही विषाणूतील प्रथिन शोधणारी चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयुक्त ठरते. आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसानंतर सापडू लागतात. झटपट चाचणीचा निष्कर्ष सरकारी निकषांनुसार निश्चित निदान मानला जात नाही. ‘आमच्या इमारतीत दहा जण आजारी आहेत आणि सरकारी यादीत दोनच’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण हे आहे. ज्यांची चाचणीच झाली नाही किंवा केवळ झटपट चाचणी झाली, ते यादीत येत नाहीत. त्यामुळे अधिकृत आकडा हा साथीचा कल दाखवतो, तिचा संपूर्ण विस्तार नव्हे.

तिसरी प्रतिक्रिया म्हणजे बोट दुसऱ्याकडे दाखवण्याची. संकुलातील रहिवासी मोकळ्या भूखंडाकडे बोट दाखवतात, भूखंडमालक पालिकेकडे, बांधकाम व्यावसायिक कंत्राटदाराकडे आणि पालिका नागरिकांकडे. यात प्रत्येकाचे म्हणणे अंशतः खरे असते. अडचण अशी की उरलेला अंश डासाला पुरतो.

धूर दिसतो, अळी दिसत नाही

धूरफवारणीची मागणी सर्वाधिक होते, कारण ती दिसते. यंत्राचा आवाज येतो, धुराचा लोट उठतो आणि प्रशासन काहीतरी करीत असल्याचा दिलासा मिळतो. मात्र धुराने मरतात ते त्या क्षणी उडत असलेले प्रौढ डास. पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटात विसावलेल्या डासांपर्यंत तो क्वचितच पोहोचतो, आणि रस्त्यावर धूर सोडताना बहुतेक घरांच्या खिडक्या बंद केलेल्या असतात. पाण्यातील अळ्यांवर तर त्याचा परिणाम होत नाही. पुढच्या काही दिवसांत त्यांतून नवे डास बाहेर पडतात. म्हणून रुग्ण आढळलेल्या घराच्या आसपास, विषाणू घेऊन फिरणारे डास तातडीने मारण्यापुरताच धुराचा उपयोग मानला जातो.

खरा परिणाम होतो तो अळ्या नष्ट केल्याने. अंड्यापासून प्रौढ डास होण्यास अनुकूल हवामानात साधारण सात ते दहा दिवस लागतात. हे चक्र आठवड्यातून एकदा तोडले, तर नवा डास जन्मालाच येत नाही. महाराष्ट्रात ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन होते, ते याच हिशेबावर आधारलेले. महिन्यातून एकदा केलेली जंगी मोहीम मात्र या चक्रापुढे अपुरी पडते.

कोरडा दिवस म्हणजे नेमके काय करायचे? घरात पिंपे, माठ, बादल्या, फुलदाण्या, कूलर आणि फ्रिजमागचा ट्रे रिकामे करून घासायचे. रिकामी करता न येणारी टाकी घट्ट झाकायची, झाकण नसेल तर बारीक जाळी किंवा कापड बांधायचे. संकुलात गच्ची, पन्हाळी, कुंड्यांखालच्या बशा, वापरात नसलेली शौचकुपे, पाण्याच्या मीटरचे खड्डे आणि संपाची झाकणे तपासायची. उघड्यावरचे टायर, करवंट्या, नारळपाण्याची शहाळी, प्लास्टिकचे पेले हटवायचे. शोभेच्या तळ्यांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडायचे. निचरा करता येत नाही अशा पाण्यात टेमिफॉससारखे अळीनाशक टाकायचे, पण ते प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून आणि ठरलेल्या प्रमाणातच.

इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या भागात बांधकामांकडे विशेष लक्ष देण्याचे कारण आहे. नव्या काँक्रीटवर दिवसेंदिवस पाणी मारले जाते. स्लॅबवर बांध घालून पाणी उभे ठेवले जाते. तळघरे आणि लिफ्टचे खड्डे महिनोन्‌महिने भरलेले राहतात. तेथेच राहणारे बांधकाम मजूर हे या डासांचे पहिले बळी ठरतात. त्यांच्याकडे ना खिडक्यांना जाळ्या असतात, ना आजारपणाची पगारी रजा.

दंडाची तरतूद आणि तिच्या मर्यादा

सप्टेंबर २०२४च्या नियमांनुसार डासोत्पत्ती आढळल्यास घरांना शहरी भागात ४०० आणि ग्रामीण भागात २०० रुपये, व्यापारी आस्थापना, कार्यालये, शाळा, उपाहारगृहे आदींना अनुक्रमे १,००० आणि ५०० रुपये, तर बांधकामे व मोकळ्या भूखंडांना २,००० आणि १,००० रुपये दंड आहे. जबाबदारी पालिकेइतकीच जागामालकाची आणि वापरकर्त्याचीही आहे, हे या तरतुदीने प्रथमच ठळकपणे नोंदवले.

तरीही दोन प्रश्न उरतात. पहिला, कोट्यवधींच्या बांधकाम प्रकल्पाला २,००० रुपयांचा दंड कितपत जाणवेल? दुसरा, शहरी आणि ग्रामीण असा भेद करणारे दर इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या भागात कसे लागू करायचे, जिथे गावाची वेस आणि बहुमजली मनोरा यांच्यामध्ये केवळ एक कुंपण असते? दंड हे स्मरणपत्र म्हणून उपयोगी पडते. पण दर आठवड्याला दारावर येणारा आरोग्य कर्मचारी नसेल, तर स्मरणपत्र पोहोचवणार कोण? आशा सेविका बेड्या घरापर्यंत सहज पोहोचतात. सुरक्षा फाटक असलेल्या संकुलात त्यांना प्रवेशासाठी थांबावे लागते आणि दिवसा बहुतेक सदनिका बंद असतात. या अडचणीवर उपाय रहिवासी संघटनांच्याच हाती आहे. संकुलातील दोघा-तिघांनी दर आठवड्याला गच्ची, तळघर आणि संप यांची पाहणी करून नोंद ठेवली, तर अर्धे काम होते. कंपन्यांच्या देखभाल विभागांनाही हाच नियम लागू पडतो.

ताप आल्यावर

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांपासून मात्र नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ‘एकदा होऊन गेला, आता चिंता नाही’ हा समज घातक आहे.

या विषाणूवर थेट मारा करणारे मान्यताप्राप्त औषध नाही. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, भरपूर द्रवपदार्थ, जलसंजीवनी आणि विश्रांती हा उपचार असतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सर्वांत मोठा गैरसमज ताप उतरण्याविषयी आहे. ताप उतरला की रुग्ण बरा झाला असे मानून अनेक जण कामावर परततात. वास्तविक तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असतानाच, धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. या काळात रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपून रक्तदाब घसरू शकतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, धाप, अस्वस्थता, ग्लानी, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्याबाबत अधिक दक्षता हवी.

प्लेटलेटच्या आकड्याची धास्ती बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त असते. रक्तस्राव नसेल तर आकडा १०,०००च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट देण्याची सहसा आवश्यकता नसते, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. डॉक्टरांचे लक्ष रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि रक्ताचा दाटपणा यांवर असते. पपईच्या पानांच्या रसाने कोणाला बरे वाटले, तरी त्यावर विसंबून रुग्णालयात जाण्यास उशीर करणे जिवावर बेतू शकते.

एकच डास, आणखी रोग

ऑगस्ट २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीपासून जवळच असलेल्या जिगणी येथे झिकाचे पाच रुग्ण आढळले. त्याआधी जूनपासून पुण्यात झिकाचे रुग्ण सापडत होते. झिका आणि चिकुनगुनियाही एडिस डासच पसरवतो. म्हणजे डेंग्यूसाठी घासलेले पिंप तीन रोगांपासून संरक्षण देते.

लशीच्या आघाडीवरही हालचाल आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक यांनी ‘डेंगीऑल’ या स्वदेशी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी १४ ऑगस्ट २०२४ रोजी रोहतक येथून सुरू केली. १९ केंद्रांवर १०,३३५ स्वयंसेवक तीत सहभागी करण्याचे नियोजन होते. इंडोनेशियातील योग्याकार्ता येथे वोल्बाकिया हा जिवाणू असलेले डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुद्दुचेरीच्या संशोधन केंद्रानेही असे डास विकसित केले आहेत. ही साधने आश्वासक आहेत, पण ती झाकण नसलेल्या टाकीला पर्याय नाहीत.

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी कावेरी योजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. शहराच्या परिघातील ११० गावांना नळाचे पाणी देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. डेंग्यूनियंत्रणाच्या यादीत या योजनेचे नाव कोणी घेत नाही, पण नियमित नळाचे पाणी मिळू लागले की घरातील पिंपांची संख्या आपोआप घटते. तोपर्यंत उपाय साधाच आहे : आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक घराने, प्रत्येक कार्यालयाने आणि प्रत्येक बांधकामाने आपापल्या हद्दीतील पाणी तपासणे.